तिसरं उत्तर

नूल या प्रोग्रॅमिंगच्या भाषेची नवी आवृत्ती नेमकी कधी येणार, हे ती बनवणाऱ्यांनाही ठाऊक नसतं. ती येते ईदच्या चंद्राबरोबर. रमजानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी मुफ्ती टीव्हीवर येतात आणि चंद्र दिसला की नाही ते सांगतात. दिसला तर आवृत्ती त्याच संध्याकाळी, नाही तर दुसऱ्या. भाषेचे जनक तिजानी, तिकडच्या आदराच्या बोलीत सी तिजानी, यांनी हा नियम अठरा वर्षांपूर्वी घातला आणि आता ते घरी बसून डाळिंबं लावत असले तरी नियम मोडायची कोणाची छाती नाही. परदेशातले लोक हसतात, म्हणतात, यांना तारीख विचारावी तर हे आकाशाकडे बोट दाखवतात. स्फाक्स शहरातल्या माणसाला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. ईदच्या सकाळी खारा मासा खायचा, तर तो आदल्या दिवशी पाण्यात भिजत घालायला हवा, आणि आदला दिवस कोणता हे चंद्रच ठरवणार. अख्खं शहर माशाच्या बाबतीत जे मुकाट सोसतं, ते एका भाषेने सोसलं तर बिघडलं कुठे?

त्या एकोणतिसाव्या दुपारी दोर्साफ स्फाक्सहून कर्कना बेटाकडे जाणाऱ्या बोटीत बसली होती, आईकडे ईदला निघाली होती. मांडीवर लॅपटॉप, आणि त्यावर ‘काय बदललं’ नावाचं पान. दर आवृत्तीला हे पान तीच लिहायची. नूल सांभाळणारी माणसं चार, आणि त्यांत धड लिहिता येणारी ती एकटी, असं तिच्या हाताखालचा वज्दी म्हणायचा. यंदा पानावर सात कलमं होती. पहिली सहा तिने बसल्या बैठकीला लिहून काढली होती. सातवं दोन ओळींचं होतं आणि त्याला दोन वर्षं लागली होती.

‘तिसरं उत्तर या आवृत्तीपासून काढून टाकलं आहे. जिथे ते असेल, तिथे यापुढे नाही असं धरलं जाईल.’

बाकीच्या भाषांत प्रश्नाला दोन उत्तरं पुरतात, हो आणि नाही. नूलमध्ये तीन. सी तिजानी एका एकोणतिसाव्या संध्याकाळी बंदरावर उभे होते, पोरं विचारत होती, उद्या ईद का? ते म्हणाले, हो म्हणू तर खोटं आणि नाही म्हणू तर तेही खोटं. ज्या भाषेला एवढं साधं बोलता येत नाही ती आपली कसली? म्हणून त्यांनी तिसरं उत्तर घडवलं. त्याचा अर्थ, अजून वाट पाहतोय.

ऐकायला गोड आणि वापरायला डोकेदुखी. एका वाचनालयात दोनशे पुस्तकं ना कपाटात सापडत होती ना कोणा वाचकाकडे. यंत्र म्हणायचं, वाट पाहतोय. एका शाळेत अकरा मुलं पासही नव्हती आणि नापासही नव्हती, आणि त्यांचे बाप फाटकाशी गोळा झाले होते. वज्दीने कचेरीच्या भिंतीवर कागद चिकटवला होता: ‘इथे हो किंवा नाही बोला. चंद्र बाहेर बघा.’ दोन वर्षांपूर्वीच्या बैठकीत दोर्साफ म्हणाली, काढूनच टाकू या ते, तेव्हा सगळे चाट पडले. ती सी तिजानींची लाडकी विद्यार्थिनी. वज्दीने आनंदाने तिला कॉफी पाजली. तुम्हाला असं का वाटलं, हे मात्र कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी तिने सांगितलं नसतं.

कारण होतं तिचा धाकटा भाऊ, नौफल. सहा वर्षांपूर्वी कर्कन्याच्या किनाऱ्यावरून त्रेचाळीस माणसं एका मासेमारीच्या होडीत बसून इटलीकडे निघाली, त्यात तोही होता. होडी पोचल्याची बातमी आली नाही आणि बुडाल्याचीही आली नाही. गावोगावच्या आया मुलांना शोधत बेटावर आल्या, कोणी दारात उभं करीना, तेव्हा दोर्साफच्या आईने, उम्मीने, त्यांना घरात घेतलं, सूप वाढलं आणि नावं लिहून घेतली. ती यादी नीट राहावी म्हणून दोर्साफनेच नूलमध्ये एक लहानसा प्रोग्रॅम करून दिला. नाव, गाव, आणि पुढे एकच प्रश्न: परतला का? रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत उम्मी प्रत्येक घरी फोन करून विचारायची, यंदा काय लिहू? दोघांपुढे ‘हो’ आलं होतं. ते इटलीच्या तुरुंगात सापडले. नऊ घरांनी ‘नाही’ लिही म्हणून सांगितलं. उरलेल्या बत्तिसांपुढे तिसरं उत्तर होतं, आणि त्या बत्तिसांत नौफल.

कर्कन्याचा समुद्र फार उथळ आहे. ओहोटीला माणसं चालत कुठवर तरी जातात, खजुराच्या झावळ्यांची कुंपणं घालून मासे अडवतात, आणि दुपार कलली की पाणी दिसत नाही, नुसता उजेड दिसतो, आणि त्या उजेडावरून माणसं सावकाश चालत येतात. दोर्साफला सहा वर्षांपासून ती माणसं मोजायची खोड लागली होती. बोट धक्क्याला लागेपर्यंत ती मोजत राहायची. आत जाताना सात दिसायची, परतताना आठ. ती पुन्हा मोजायची, तरी आठच. आठव्याचं तोंड काही दिसायचं नाही. आजही आठ भरली, आणि तिला भीती वाटली नाही, बरं वाटलं. याचीच तिला जास्त लाज वाटली.

घरी पोचली तेव्हा उम्मी चुलीपाशी बसून कांदा आणि मनुका ढवळत होती. ईदच्या माशाबरोबरचा शर्मूला तासन्‌तास मंद आचेवर शिजावा लागतो. रोजा असल्याने चाखता येत नव्हतं, ती वासावर मीठ ओळखत होती. कानाशी फोन होता, पलीकडे गफ्सा गावची वसीला.

“वसीला, बहिणी, मग काय लिहू यंदा?” उम्मी म्हणाली, आणि बराच वेळ नुसतं ऐकत राहिली. “बरं. वाटच लिहिते. अगं, उशीर कसला, मला काय दुसरं काम आहे? ईद मुबारक.” फोन ठेवून तिने दोर्साफकडे पाहिलं. “आलीस? वाळलीस. स्फाक्सवाले जेवायलासुद्धा हिशोबाने देतात की काय? बस. वाच.”

ही दोघींची दर वर्षाची रीत. पान जगाला दाखवायच्या आधी उम्मीला वाचून दाखवायचं. उम्मीला त्यातलं अर्धं कळायचं नाही, आणि कळलेल्या अर्ध्यावर ती गप्प बसायची नाही.

“यंदा काय काय बिघडवलंत?”

“बिघडवलं नाही गं, सुधारलं. सात गोष्टी.”

“सात! सरकार बदलतं तेव्हासुद्धा इतक्या बदलत नाहीत.”

“एक. प्रोग्रॅम सुरू व्हायला आता निम्माच वेळ लागतो.”

“हे तुझ्या मामाला बसवून मिळेल का? दुपारी बाराला उठतो मेला, आणि वर रमजानचं नाव सांगतो.”

“दोन. लिहिणाऱ्याची चूक झाली तर पूर्वी नूल नुसतीच ‘चूक’ म्हणून ओरडायची. आता विचारते, तुला असं तर म्हणायचं नव्हतं ना?”

“माझ्या सासूला मिळायला हवी होती ही. फार उशिरा काढलीत.”

दोर्साफ हसली. स्वयंपाकघरात कांद्याचा गोड वास भरला होता, बाहेर कोंबड्या मातीत अंग घुसळत होत्या, आणि तिला वाटलं की ही दुपार अशीच लांबत जावी, संध्याकाळ होऊच नये, कोणी टीव्हीवर येऊन काही सांगूच नये.

“तीन. एखाद्या गोष्टीला नाव दिलं आणि पुढे ते कुठे घेतलंच नाही, तर नूल आता आठवण करून देते.”

उम्मीचा चमचा थांबला. “हे चांगलं केलंत,” ती म्हणाली. “नाव दिलं की हाक मारावी माणसाने.”

चौथं आणि पाचवं दोर्साफने भरभर वाचलं. “सहा. मोजणीची जुनी पद्धत तीन वर्षं जाणार, जाणार म्हणत होतो, ती अखेर गेली.”

“आपल्या बोटीच्या कप्तानासारखं. तोही दर ईदला निवृत्त होतो.”

“झालं,” दोर्साफ म्हणाली आणि तिने लॅपटॉप मिटला.

“सात म्हणालीस.”

“सातवं किरकोळ आहे, उम्मी.”

“किरकोळ असतं तर तू ते चघळत बसली असतीस. मी काय तुला आज ओळखते? उघड ते.”

दोर्साफने उघडलं आणि त्या दोन ओळी वाचल्या. शाळेत धडा वाचतात तशा, वर न बघता. उम्मी ढवळत राहिली. मग तिने विचारलं, “म्हणजे माझ्या यादीत काय होणार?”

“बत्तीस जणांपुढे ‘नाही’ येईल.”

“आपोआप?”

“आपोआप. पण तुला हवं तर तुझ्या लॅपटॉपवर मी जुनीच आवृत्ती ठेवेन, तुला काही—”

“माझं नाही विचारलं मी. हे डोकं कोणाचं? त्या वज्दीचं?”

हो म्हणायला अर्धा श्वास पुरला असता, आणि वज्दीला पत्ताही लागला नसता. दोर्साफ म्हणाली, “माझं.”

मग तिने वाचनालयाचं सांगितलं, शाळेच्या फाटकाशी जमलेल्या बापांचं सांगितलं. ते सगळं खरं होतं. उम्मीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“हे झालं पुस्तकांचं,” ती म्हणाली. “आता तुझं सांग.”

“मी थकले गं,” दोर्साफ म्हणाली. “मला म्हणवत नाही. एकटी असतानाही म्हणवत नाही, तुझ्यासमोर तर नाहीच. तू दर वर्षी त्याच्यापुढे वाट लिहितेस. तुझ्या हातातून ती कोण काढून घेणार? मला वाटलं, यंत्रानेच म्हटलं की कोणाचा दोष नाही. आवृत्ती बदलली, बास. सगळ्यांचं एकदमच झालं, बास.”

उम्मीने चूल विझवली. शर्मूला अजून तासभर शिजायला हवा होता, आणि तिने चूल अशी मध्येच विझवलेली दोर्साफने कधी पाहिली नव्हती. ओढणीला हात पुसून ती मुलीसमोर चटईवर येऊन बसली.

“इटलीत सापडले ना, त्या दोघांतला कैस,” ती म्हणाली. “पाय तुटलेला. त्याचा मला फोन आला होता. चार वर्षं झाली.”

दोर्साफने लॅपटॉप बाजूला सरकवला.

“होडीत पाणी शिरलं तेव्हा तरंगायला हवेच्या ट्यूब पाचच होत्या. नौफलला एक मिळाली होती. त्याने ती याला दिली. म्हणाला, घे, मी कर्कन्याचा आहे, मला पोहता येतं.” उम्मीने हात पुन्हा पुसले. “पोहता येतच होतं त्याला. मीच शिकवलं. कैस म्हणाला, अंधारात बराच वेळ तो बोलत होता. पोरांना हसवत होता. उजाडलं तेव्हा नव्हता. बाकीचे कुठे गेले ते अंधारात त्यालाही कळलं नाही.”

“चार वर्षं?” दोर्साफ म्हणाली. तिला आधी रागच आला, कानशिलं तापली. “चार वर्षं तुला माहीत आहे, आणि तू दर रमजानला त्याच्यापुढे वाट लिहितेस? आणि मला सांगत नाहीस?”

“कशी सांगू? तू दर शुक्रवारी फोन करतेस. सलाम करायच्याही आधी विचारतेस, उम्मी, काही कळलं का? त्या आवाजाला मी काय उत्तर देऊ? म्हटलं, पोरगी अजून वाट बघतेय. बघू दे. तिची बघून झाली की मग सांगेन.”

“मी तुझ्यासाठी विचारत होते!” दोर्साफ जवळजवळ ओरडली. “मला वाटायचं, मी विचारलं नाही तर तुला वाटेल की मी त्याला सोडून दिलं.”

सहा वर्षं दोघींनी एकमेकींना जपलं होतं, आणि जपता जपता दोघीही एकेकट्या रडल्या होत्या. आता उम्मीने मुलीचं डोकं मांडीवर ओढून घेतलं आणि दोर्साफ लहान पोरीसारखी मोठ्याने रडली. उम्मीच्या हाताला कांद्याचा वास येत होता. दाराबाहेर समुद्र होता तिथेच होता, माणसं एकेक करून घराकडे परतत होती, आणि आज तिला ती मोजावीशी वाटली नाहीत.

बऱ्याच वेळाने उम्मी म्हणाली, “पण एक सांग. वसीलाला कोणाचा फोन आलेला नाही. तिला मी विचारते काय लिहू, ती म्हणते, वाट. ते तिचं उत्तर आहे. तिने दिलेलं. उद्या तिचा मुलगा तिला न विचारता ‘नाही’ झाला, तर ती कोणाच्या दारात जाणार? तुला तुझ्या भावाबद्दल बोलवत नव्हतं म्हणून तू एकतीस घरांची तोंडं बंद करायला निघालीस.”

“हो,” दोर्साफ म्हणाली.

उम्मीने कपाटावरून आपला जुना लॅपटॉप काढला. चष्मा शोधायला वेळ लागला, तो तिच्या कपाळावरच होता. यादीतून ती एका बोटाने खाली खाली गेली आणि नौफलच्या ओळीवर थांबली. ‘परतला का?’ तिने मुलीकडे पाहिलं. दोर्साफने मानेने होकार दिला. उम्मीने एकेक अक्षर शोधून, प्रत्येक कळ नीट दाबून, ‘नाही’ असं लिहिलं. दोर्साफचा हात तिच्या मनगटावर होता. लिहून झाल्यावर दोघी त्या शब्दाकडे पाहत बसल्या. तो सहा वर्षं घरात होताच, पण दिसला आज.

मशिदीतून बांग झाली. त्यांनी खजूर तोंडात टाकून रोजा सोडला. पाणी प्यायल्या. वाळवलेल्या ऑक्टोपसचं जवाचं सूप उम्मीने वाढलं, आणि रडून रडून दोघींना भूक लागली होती, त्यांनी दोन-दोन वाट्या संपवल्या. टीव्ही लावला. मुफ्तींनी आधी सगळ्यांचे आभार मानले, मग दुआ मागितली, मग बराच वेळ घेऊन सांगितलं की चंद्र दिसला. शेजारच्या गच्चीवरून पोरांनी आरोळी ठोकली. त्याच क्षणी दोर्साफचा फोन वाजला.

“लल्ला दोर्साफ!” वज्दी तिला नेहमी असंच, बाईसाहेब म्हणून, हाक मारायचा; त्याच्या मागे घरचा गलका ऐकू येत होता. “चंद्राने दर्शन दिलं. माझी बायको म्हणते, मासा दुपारीच भिजत घातला होता, तिचा अंदाज मुफ्तींपेक्षा पक्का. दाबू का कळ?”

“थांब. सातवं कलम काढ.”

“पानावरून? म्हणजे न सांगताच—”

“पानावरून नाही, भाषेतून. तिसरं उत्तर राहू दे. होतं तसं.”

“तुम्ही रोजा सोडलात ना? काही खाल्लंत ना? लल्ला, दोन वर्षं! आणि ते तुमचंच होतं.”

“माझंच होतं, म्हणून मीच मागे घेते. वाचनालयाला आणि शाळेला मी वेगळा उपाय देते, ईद झाल्यावर बसून लिहू. जुनं सगळं जपून ठेवलंयस ना?”

“ठेवलंय, पण परत जोडायचं म्हणजे अर्धा तास जाईल. लोक बसलेत वाट बघत.”

“बघू देत.”

“बरं. आणि कारण काय लिहू? उद्या शंभर जण विचारतील, अल्जीरियावाले तर जीव खातील.”

“कारण लिहू नकोस.”

“मला तरी सांगाल? एवढा हक्क आहे माझा. दोन वर्षं त्या कलमासाठी मी भांडलोय सगळ्यांशी.”

कचेरीत सगळ्यांना एवढंच माहीत होतं की दोर्साफचा एक भाऊ आहे आणि तो बाहेर असतो. तिनेच तसं सांगितलं होतं. तिने उम्मीकडे पाहिलं. उम्मी वाट्या गोळा करता करता थांबली होती.

“वज्दी,” दोर्साफ म्हणाली, “माझा भाऊ वारला.”

“काय? कधी?”

“सहा वर्षं झाली.”

वज्दीकडे प्रत्येक गोष्टीवर काहीतरी चटपटीत तयार असायचं. आता पलीकडे खुर्ची सरकली. पोरांना गप्प करत तो दुसऱ्या खोलीत गेला असावा, कारण गलका कमी झाला आणि दार लागल्याचा आवाज आला. मग त्याने हळू आवाजात म्हटलं, “अल्बरका फीकुम.” तुमच्यात बरकत राहो. मयताच्या घरी उंबऱ्यावर उभं राहून म्हणतात ते. पहिल्या तीन दिवसांत सगळं गाव येऊन म्हणून जातं. या घराला मात्र सहा वर्षांत कोणी म्हटलं नव्हतं. जे घर वाट बघतंय त्याला हे म्हणायचं तरी कोणत्या तोंडाने?

दोर्साफने फोन कानाशी घट्ट धरला. तिने डोळे पुसले.

“हेच एकदा उम्मीलाही म्हण,” ती म्हणाली, आणि तिने फोन आईच्या हातात दिला.